खान्देशच्या उन्हात पीपीई किट: आधी काढायची तयारी, मग घालणं

पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून बचावासाठी घालायचा अंगभर वेश, मास्क, गॉगल आणि हातमोजे, घालायला सगळ्यांना येतं. भिंतीवर तक्ता असतो, समोर आरसा असतो, शेजारी कोणीतरी उभं असतं. चुका होतात त्या काढताना. ड्युटी संपलेली असते, आत घामाच्या धारा लागलेल्या असतात, गॉगलवर वाफ जमलेली असते आणि जीव मोकळ्या हवेसाठी तडफडत असतो. अशा वेळी हात आपोआप मास्ककडे जातो आणि जो मास्क सगळ्यात शेवटी निघायला हवा तोच सगळ्यात आधी निघतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तर हे हमखास होतं. म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा धरला आहे. किट काढायची जागा आणि वेळ आधी ठरवायची, मगच किटला हात लावायचा.

लेख ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावात फिरणाऱ्या आशाताईंसाठी आहे. श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत, म्हणजे कोरोनासारख्या आजारात, काय करायचं एवढंच इथे सांगितलं आहे. तुमच्या दवाखान्यात लेखी क्रम लावलेला असेल आणि तो खालच्यापेक्षा थोडा वेगळा असेल, तर तुमचाच पाळा. एकाच वॉर्डात सकाळची पाळी एका पद्धतीने आणि रात्रीची दुसऱ्या पद्धतीने किट काढते, हे मात्र चालू देऊ नका.

टप्पा १: कोणाला काय लागतं ते ठरवा

पूर्ण किट सगळ्यांना लागत नाही. ते सगळ्यांना वाटून टाकलं की ज्याला खरंच लागतं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. श्वासाची नळी टाकणं, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणं), नेब्युलायझर, घशाचा-नाकाचा स्वॅब अशा कामांत बारीक थेंब हवेत उडतात. तिथे आणि अतिदक्षता विभागात पूर्ण किट हवं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये काढलेल्या सूचनांत गावपातळीवरच्या सर्वेक्षणासाठी आशा आणि अंगणवाडी सेविका यांना तीन पदरी मास्क आणि हातमोजे सांगितले होते, अंगभर किट नव्हे. ते योग्यच होतं. मोलगी-धडगावच्या चढावर कव्हरऑल (किटमधला डोक्यापासून पायापर्यंतचा अंगरखा) घालून दुपारी एक पाडा जरी केला, तरी आजाराआधी ऊनच गाठेल.

टप्पा २: काढायची जागा आधी उभी करा

किट घालायची खोली आणि काढायची खोली वेगळी हवी. घालून आत जायचं, दुसरीकडून काढून बाहेर पडायचं, वाट एकेरी. जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळत नाहीत, तेव्हा व्हरांड्याचं एक टोक घ्या, मध्ये पडदा लावा आणि जमिनीवर रंगाने रेघ मारा. रेघेच्या अलीकडे मळकट, पलीकडे स्वच्छ. रेघ ओलांडायची ती किट पूर्ण निघाल्यावरच.

काढायच्या जागी एवढं असलंच पाहिजे:

- पायाने उघडणारे दोन डबे, एक लाल पिशवीचा, एक पिवळ्या पिशवीचा
- कोपराने दाबता येईल अशी सॅनिटायझरची बाटली, दोन ठिकाणी
- बसायला स्टूल (रेघेच्या मळकट बाजूला)
- पूर्ण उंचीचा आरसा
- क्रम मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता, डोळ्यांच्या उंचीवर
- रेघेच्या पलीकडे साबण आणि वाहतं पाणी

पाण्याची खात्री आदल्या रात्री करा. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकी कधी कोरडी पडेल सांगता येत नाही. साबण हातात घेऊन कोरड्या नळासमोर उभं राहण्यापेक्षा पलीकडे भरलेला ड्रम आणि तोटी लावून ठेवा.

*खबरदारी:* काढायच्या खोलीत कूलर किंवा टेबलफॅन लावू नका. किटवर जे बसलं आहे ते तो थेट तोंडावर उडवतो. कूलर लावायचाच तर घालायच्या खोलीत लावा, म्हणजे निदान आत जाणारा माणूस थंड अंगाने जाईल.

टप्पा ३: वेळ उलटी मोजा

किट नीट काढायला पंधरा मिनिटं लागतात. दोघे-तिघे रांगेत असतील तर त्याहून जास्त. म्हणून ड्युटी दोन वाजता संपते असं न म्हणता, पावणेदोनला वॉर्ड सोडायचा असं म्हणा. बदलीचा माणूस किट घालून आत आल्याशिवाय पहिल्याने निघायचं नाही. नाहीतर रुग्ण एकटा पडतो, कोणीतरी हाक मारतो आणि अर्धवट काढलेल्या किटमध्ये परत आत धावायची वेळ येते.

एसी नसलेल्या वॉर्डात एप्रिल-मे महिन्यात सलग चार तासांपेक्षा जास्त किटमध्ये ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी बारा ते चारच्या पाळीत दोन-दोन तासांवर माणूस बदलता आला तर उत्तम. मनुष्यबळ नाही हे उत्तर मला ठाऊक आहे. पण चक्कर येऊन पडलेली सिस्टर मनुष्यबळात धरता येत नाही.

टप्पा ४: अंगाची तयारी

किट घालायच्या अर्धा-पाऊण तास आधी पाणी प्या, एकदम तांब्याभर नाही, थोडं थोडं. सोबत ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक. पोट रिकामं नको, पण शेवभाजी आणि ठेचा ड्युटी संपल्यावर. मास्कच्या आत आंबट ढेकर आला की माणूस मास्क ओढतोच. लघवीला जाऊन या. मासिक पाळी चालू असेल तर ते इन्चार्ज सिस्टरना मोकळेपणाने सांगा आणि छोटी ड्युटी मागून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग अंगावरचं उतरवा. बांगड्या, अंगठी, घड्याळ, कानातलं, नथ, मंगळसूत्र. मंगळसूत्र काढायचं नसेल तर छोटं करून स्क्रबच्या (किटखाली घालायच्या कपड्यांच्या) आत पिनने अडकवा. किट काढताना ते बाहेर लोंबलं तर कव्हरऑलच्या बाहेरच्या बाजूला घासतं. काचेची बांगडी हातमोजा आतून कापते आणि ते कळतही नाही. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले. मोबाइल बाहेर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतात तोही बाहेरच.

पुरुषांसाठी एक गोष्ट ठामपणे: दाढी काढा. मास्कची कड जिथे टेकते तिथे खुंट असतील तर एन-९५ (चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क) हा साध्या मास्कसारखाच वागतो, कारण हवा गाळणीतून न जाता फटीतून जाते. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर राहू द्या.

*तपासा:* ताप, जुलाब, चक्कर, रात्रभर झोप नाही, यांतलं काही असेल तर आज किट नको. दुसरं काम मागा.

टप्पा ५: किट घालण्याचा क्रम

आधी सगळं सामान टेबलावर मांडा आणि मोजा. कव्हरऑल उजेडात धरून शिवणी पाहा, विशेषतः काखेत आणि दोन पायांच्या मध्ये. माप एक नंबर मोठं घ्या. तंग कव्हरऑल खाली वाकलं की मागून फाटतं.

१. हात सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद चोळा.

२. आतले हातमोजे घाला.

३. स्टुलावर बसून कव्हरऑलमध्ये पाय घाला, कमरेपर्यंत ओढा. मग बुटांवर शू-कव्हर. उभ्याने एका पायावर नाचत हे करू नका, पडायला होतं.

४. बाह्या घाला. बाहीला अंगठ्याची फीत असेल तर अंगठ्यात अडकवा. आतला हातमोजा बाहीच्या आत राहिला पाहिजे.

५. डिस्पोजेबल टोपी. तिची कड कपाळावर ठेवा, गालावर नको.

६. एन-९५ मास्क. खालचा पट्टा मानेवर, कानांच्या खाली. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, कानांच्या वर. दोन्ही पट्टे मानेवर घेणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्हीकडून दाबत खाली आणा. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते.

*थांबा आणि तपासा:* दोन्ही हातांनी मास्क झाका. जोरात श्वास सोडा. कडेने, विशेषतः डोळ्यांकडे, हवा लागली तर पट्टी पुन्हा बसवा. आता जोरात श्वास आत घ्या. मास्क तोंडाकडे खेचला गेला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक वेळी, कालच केली असली तरी.

७. गॉगल. मास्कच्या वरच्या कडेवर टेकेल, पण मास्कला खाली ढकलणार नाही असा. फेसशील्ड असेल तर ते सगळ्यात शेवटी, टोपडं चढवल्यावर.

८. कव्हरऑलचं टोपडं डोक्यावर घ्या, चेन गळ्यापर्यंत, वरची झडप चिकटवा.

९. बाहेरचे हातमोजे, बाहीच्या वरून ओढून.

१०. छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, हुद्द्यासकट. किटमध्ये सगळे सारखेच दिसतात आणि म्हातारी माणसं घाबरतात. “कोन शे वं माय तू?” असं आजीने विचारल्यावर बोटाने नाव दाखवता आलं, किंवा नातवाने वाचून सांगितलं, तर तिचा जीव खाली बसतो आणि ती ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत नाही.

आता जोडीदाराने डोक्यापासून पायापर्यंत पाहायचं. हात वर करा, खाली वाका, मान वळवा. मनगट, गळा, गाल, कुठे कातडी दिसते का? दिसली तर आत जायचं नाही.

इथे होणाऱ्या चुका थोडक्यात. एन-९५च्या आत साधा मास्क किंवा रुमाल घालतात, त्याने फट पडते. नाक सोलवटतं म्हणून मास्कखाली कापूस ठेवतात, त्यानेही तेच. झडपवाला मास्क वापरतात. त्याने घालणाऱ्याचा बचाव होतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता समोरच्यावर जातो, म्हणून दवाखान्यात तो नकोच. मनगटावर चिकटपट्टीचे तीन वेढे देतात आणि काढताना ती ओढून हातमोजा-बाही दोन्ही फाडतात. पट्टी लावायचीच तर एक वेढा, आणि टोक दुमडून ठेवा म्हणजे पकडता येईल. गॉगलवर वाफ येते ती बहुतेक वेळा गॉगलमुळे नसते, मास्कची वरची कड गळत असते. आधी ती बसवा.

टप्पा ६: वॉर्डात असताना

हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ झाले असं नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना बाहेरचे हातमोजे बदला. त्याच मोज्यांनी बीपीचा पट्टा, फाइल, दाराची कडी, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह असं करत फिरलं की किट तुम्हाला वाचवतं आणि रुग्णांना आजार वाटतं.

तोंडाला, गॉगलला, मास्कला हात नाही. खाज आली तर मान हलवा, सहन करा, नाहीच झालं तर बाहेर या.

बाहेरचा मोजा फाटला तर खाटेपासून दूर होऊन तो काढा, आतल्या मोज्यावर सॅनिटायझर, नवा मोजा. आतलाही फाटला, मास्क घामाने ओला होऊन तोंडाला चिकटला, किंवा अंगावर रक्त-उलटी उडून कव्हरऑल भिजलं, तर काम दुसऱ्याकडे सोपवून बाहेर पडा. “एवढं सलाईन लावून जाते” नको.

*खबरदारी, उन्हाची:* डोकं ठणकणं, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं एक जरी वाटलं तरी लगेच जोडीदाराला सांगा. बोलणं असंबद्ध झालं किंवा पावलं अडखळायला लागली तर विचारत बसू नका, त्या माणसाला धरून बाहेर काढा. अशा वेळीही मास्क शेवटीच. किट दुसऱ्या किटवाल्याने काढायचं किंवा कात्रीने पाठीवरून कापायचं, त्या माणसाने स्वतःच्या हाताने काहीही ओढायचं नाही. बेशुद्ध पडला, श्वास लागला किंवा उलटी होऊ लागली तर मात्र क्रम विसरा, आधी तोंड मोकळं करा. बाहेर आल्यावर सावली, ओलं फडकं, वारा, आणि डॉक्टरांना हाक.

टप्पा ७: किट काढण्याचा क्रम

हा टप्पा सावकाश वाचा. काढताना रेघेच्या पलीकडे एक माणूस उभा असावा, त्याने तक्ता मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही फक्त ऐकायचं. थकलेल्या डोक्यावर पाठांतर सोडू नये. वाचणारी मावशी असली तरी तिने “थांबा” म्हटलं की डॉक्टर साहेबांनीही थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा. अडचण इथेच येते. मावशी बघते, तिला कळतं, पण ती बोलत नाही.

सगळ्यात जास्त माखलेलं आधी, तोंडावरचं शेवटी, आणि प्रत्येक पायरीनंतर हातावर सॅनिटायझर, हे सूत्र.

१. बाहेरच्या हातमोज्यांवर सॅनिटायझर. फेसशील्ड टोपड्याच्या वरून असेल तर मागच्या पट्ट्याला धरून पुढे वाकून काढा.

२. स्टुलावर बसा, शू-कव्हर बाहेरून धरून काढा. स्वतःच्या बुटाला हात लागू देऊ नका.

३. बाहेरचे हातमोजे. एकाचा काठ बाहेरून धरून उलटा करत काढा, तो मुठीत ठेवा, दुसऱ्याच्या काठाआत बोट घालून तोही उलटा करा. आतल्या मोज्यांवर सॅनिटायझर.

४. कव्हरऑल. हनुवटी वर करा, आरशात बघत झडप सोडा आणि चेन पूर्ण खाली आणा. टोपडं मागून बाहेरच्या बाजूने धरा, डोक्यावरून मागे सारा. खांद्यावरून उतरवा, हात मागे नेऊन बाह्या एक-एक करून सोडवा. आता आतली बाजू बाहेर येत गुंडाळत खाली न्या, गुडघ्याखाली, मग पायातून. बाहेरची बाजू स्क्रबला कुठेही टेकता कामा नये. झटकायचं नाही. डब्यात टाकताना दाबून त्यातली हवा काढायची नाही, ती तोंडावर येते. पुन्हा सॅनिटायझर.

*थांबा:* मास्क ओढायची घाई होते ती इथे, कारण अंगाला वारा लागतो आणि सुटल्यासारखं वाटतं. दोन्ही हात समोर धरा, तीन सावकाश श्वास घ्या, मग पुढे.

५. गॉगल. डोळे मिटा, पुढे वाका, मागचा पट्टा धरून वर उचलत काढा. काचेला हात नाही. पुन्हा वापरायचा असेल तर वेगळ्या टबात. सॅनिटायझर.

६. मास्क. रेघेजवळ, बाहेर जायच्या बाजूला तोंड करून उभे राहा. पुढे वाका. आधी खालचा पट्टा डोक्यावरून पुढे आणा, मग वरचा, आणि पट्ट्यांनीच धरून मास्क चेहऱ्यापासून दूर न्या. पुढच्या भागाला बोट लागलं तर लगेच सॅनिटायझर, आणि तोवर चेहऱ्याला हात नाही.

७. टोपी मागून पुढे.

८. आतले हातमोजे. आता रेघ ओलांडा आणि साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुवा. मनगटासकट, अंगठे विसरू नका.

काही दवाखान्यांत कव्हरऑलनंतर आतले मोजे काढून, हात स्वच्छ करून, नवे मोजे घालून मग चेहऱ्यावरचं काढतात. तेही बरोबर आहे, मोजे पुरेसे असतील तर बरंच.

मग आंघोळ, कपडे बदलणं, आणि पाणी. पाणी शेवटी लिहिलं आहे ते मुद्दाम. रेघेच्या अलीकडे बाटली ठेवलेली दिसली तर उचलून फेका.

टप्पा ८: कचरा आणि पुन्हा वापरायच्या वस्तू

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुलै २०२०च्या सूचनांप्रमाणे गॉगल, फेसशील्ड, प्लास्टिकचं कव्हरऑल, नायट्राइल हातमोजे लाल पिशवीत. मास्क, टोपी, शू-कव्हर, कापडी किंवा अर्धवट प्लास्टिकचं कव्हरऑल पिवळ्या पिशवीत. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधा.

गॉगल पुसायला किंवा फरशीला हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण) बनवताना अंदाजपंचे ओतू नका. पाच टक्क्यांच्या हायपोचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग म्हणजे एक टक्का द्रावण, ते फरशी आणि सांडलेल्या रक्तासाठी. गॉगलला त्याहून पातळ चालतं, नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर डोळे चुरचुरतात. द्रावण रोज ताजं करा आणि सावलीत झाकून ठेवा, उन्हात त्याचा जोर उतरतो. माणसाच्या अंगावर, किट घातलेल्या माणसावरसुद्धा, हायपो फवारायचं नाही. फवारणीच्या बोगद्यांविरुद्ध केंद्राने एप्रिल २०२० मध्येच सूचना काढली होती, तरी कुठे ना कुठे पंप घेऊन कोणीतरी उभं असतंच.

एन-९५ धुवू नका, इस्त्री करू नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. त्याची गाळण्याची ताकद धाग्यांतल्या विद्युतभारावर असते आणि स्पिरिटने तो भार जातो. मास्कचा तुटवडाच असेल तर पाच मास्क घ्या, पाच कागदी पिशव्यांवर नाव आणि वार लिहा आणि आळीपाळीने वापरा. एक मास्क पाच वेळांहून जास्त नको. पट्टा सैल झाला, मास्क ओला झाला, डाग पडला किंवा वरची श्वासाची तपासणी जमेना, तर पाच वेळा झाल्या नसल्या तरी फेका. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर घाम आतच कुजतो.

टप्पा ९: आशाताई आणि रुग्णवाहिकेचे चालक

आशाताईंनी घरात शिरू नये, अंगणात किंवा निंबाखाली माणसाला बोलवावं. वारा आपल्या पाठीकडून असेल असं उभं राहावं. कशालाच हात लावायचा नसेल तर हातमोज्यांची गरज नाही, सॅनिटायझर पुरे. एकच मोज्यांचा जोड घालून पूर्ण गल्ली करण्यापेक्षा उघडे, स्वच्छ केलेले हात बरे. मास्कची रंगीत बाजू बाहेर, दोन जास्तीचे जवळ, ओला झाला की बदलायचा. बोलताना हनुवटीवर ओढायचा नाही, समोरच्याला ऐकू येत नसेल तर आवाज चढवा. वापरलेले मास्क-मोजे बांधून उपकेंद्रात आणा, बांधाला जाळू नका.

चालकाने रुग्णाला उचलायला किट घातलं असेल, तर स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते काढायचं, हात स्वच्छ करायचे, मास्क तेवढा राहू द्यायचा. माखलेल्या मोज्यांनी गिअर धरला की पुढच्या पाळीचा चालक तोच गिअर उघड्या हाताने धरतो.

टप्पा १०: हळदीची तालीम

साथ नसताना करायची ही गोष्ट आहे. कालबाह्य झालेलं एखादं किट घ्या. घालून झाल्यावर हातमोज्यांना आणि छातीला हळद-तेलाचा लेप लावा, वॉर्डात करता तशी दहा मिनिटं कामं करा, मग तक्ता वाचून घेत किट काढा. आता पांढऱ्या फडक्याने मान, कपाळ, मनगट, कानामागची जागा आणि स्क्रबचा गळा पुसा. पिवळं कुठे उमटलं ते तक्त्यावर त्या पायरीसमोर लिहून ठेवा. बहुतेकदा मान आणि मनगट निघतं. मानेला हळद असेल तर टोपडं मागे सारताना हात आत गेला होता, मनगटाला असेल तर मोजा उलटा न करता ओढला होता. तीच पायरी पुन्हा करून घ्या, फडकं कोरं निघेपर्यंत, आणि वॉर्डबॉयपासून वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांकडून. उन्हाळ्याआधी एकदा, आणि नवीन माणूस रुजू झाला की त्याच आठवड्यात.